विहीर न खणता दिसणारे थर

"डॉक्टर, रस्त्यावरचा पांढरा पट्टा मधेच वाकडा दिसतोय बघा."

हे सांगणारे मामा दुधाचा टेम्पो चालवतात. वय बावन्न. पहाटे तीनला उठायचं, वाड्यावस्त्यांवरचे कॅन गोळा करायचे आणि उजाडायच्या आत दूध संकलन केंद्रावर पोचवायचे, हा त्यांचा गेल्या अठरा वर्षांचा क्रम. आदल्या आठवड्यात वाऱ्यानं डाव्या डोळ्यात कचरा गेला. तो डोळा मिटून त्यांनी दोन-तीन किलोमीटर टेम्पो चालवला, तेव्हा हा प्रकार लक्षात आला. एरवी दोन्ही डोळे उघडे असताना पट्टा सरळच दिसत होता. चष्म्याचा नंबर वाढला असणार, अशी त्यांची खात्री. "नंबर तेवढा काढून द्या, लगेच परत निघतो."

मधुमेह नऊ वर्षांचा. गोळ्या चालू होत्या, साखर 'कधी बरी, कधी वर'. डोळ्यांचा पडदा कधी तपासला होता का, असं विचारल्यावर ते म्हणाले, "दिसत होतं की चांगलं. कशाला तपासायचं?"

तक्त्यावरची अक्षरं डाव्या डोळ्यानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, म्हणजे ६/६. उजवा डोळा मात्र ६/१२ वर अडला, आणि काचा बदलून पाहिल्या तरी पुढे सरकेना. थेंब घालून बाहुली मोठी केली आणि पडदा पाहिला. दोन्ही डोळ्यांत रक्ताचे बारीक ठिपके होते. उजव्यात काही पिवळे कण होते आणि मधला भाग सुजल्यासारखा वाटला. 'वाटला' हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आमच्या तपासणीत सूज ही अशी वाटण्यावारीच असायची. एका डॉक्टरला वाटायची, दुसऱ्याला नाही.

मामांना शेजारच्या खोलीत नेलं. हनुवटी टेकवा, कपाळ पट्टीला लावा, समोरच्या हिरव्या खुणेकडे बघा. मधे एकदा पापणी मिटलीत तरी चालेल. यंत्र डोळ्याला लागलं नाही, हवेचा झोत आला नाही, सुई तर नाहीच. एकेका डोळ्याला काही सेकंद लागले. "झालं?" असं त्यांनी दोनदा विचारलं.

पडद्यावर चित्र उमटलं. निरोगी डोळ्यात दृष्टिपटलाच्या मध्यभागी एक सुबक खळगा असतो, अंगठ्यानं कणकेच्या गोळ्यावर हलकेच दाबल्यासारखा. मामांच्या डाव्या डोळ्यात तो होता. उजव्यात खळग्याच्या जागी टेकडी झाली होती आणि तिच्या पोटात काळे काळे फुगे होते. मध्यभागाची जाडी ४१२ मायक्रॉन. आमच्या यंत्रावर ती साधारण २५० ते २८० च्या दरम्यान असायला हवी. काळे फुगे म्हणजे रक्तवाहिन्यांतून पाझरून पडद्याच्या थरांत साठलेलं पाणी. रस्त्यावरचा पट्टा त्या टेकडीवरून जाताना वाकत होता.

या तपासणीचं नाव ऑप्टिकल कोहिरन्स टोमोग्राफी. दवाखान्यात सगळे तिला ओसीटी म्हणतात, आणि हल्ली बऱ्याच घरांतल्या फायलींमध्ये तिचा एखादा रंगीत कागद असतो. तो कागद नेमकं काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे लोकांना सहसा कुणी समजावून देत नाही. ओपीडीत वेळ नसतो, ही सबब खरी आहे. म्हणूनच हा लेख.

डोळ्याच्या आत पाहण्याची सोय तशी जुनी आहे. जर्मनीत हेल्महोल्ट्झनं १८५१ मध्ये ऑफ्थॅल्मोस्कोप जगापुढे आणला आणि जिवंत माणसाचा पडदा पहिल्यांदा नीट दिसला. पुढे पडद्याचा फोटो काढणारे कॅमेरे आले. पण डोळ्यानं पाहा किंवा फोटो काढा, दिसतो तो पृष्ठभाग. शेताचा नकाशा हातात असला तरी जमिनीखाली माती किती हात, मुरूम कुठे लागतो, खडक किती खोल आहे, हे नकाशावरून कळत नाही. त्यासाठी विहीर खणावी लागते. पडद्याचे थर पाहायचे तर पूर्वी मृत्यूनंतर डोळा काढून, त्याचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावे लागत. पडदा असतो जेमतेम पाव मिलिमीटर जाड आणि पाठ्यपुस्तकांत त्याचे थर दहा सांगितले आहेत. त्यातला एखादा थर जिवंत माणसात बिघडला तर तो दिसायचा कसा?

सोनोग्राफीचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं. ध्वनी आत सोडायचा, प्रतिध्वनी किती वेळानं आला ते मोजायचं, त्यावरून अंतर काढायचं. हेच प्रकाशाच्या बाबतीत करता येईल का? कल्पना सोपी, पण प्रकाशाचा वेग आडवा येतो. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात प्रकाश सुमारे तीस सेंटिमीटर जातो. पडद्याच्या दोन थरांमधलं अंतर काही मायक्रॉनचं. तेवढ्या अंतरासाठी प्रकाशाला लागणारा वेळ मोजेल असं घड्याळ कोणत्याही इलेक्ट्रॉनिक मंडलाकडे नाही.

वाट सापडली ती जवळपास शंभर वर्षं जुन्या उपकरणातून. अल्बर्ट मायकेलसननं १८८० च्या दशकात प्रकाशकिरण दुभंगून पुन्हा एकत्र आणणारं उपकरण बनवलं होतं. ते कसं चालतं, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना लेझीम पथकाच्या उदाहरणानं सांगतो. समजा, एक पथक सतत ताल बदलत चाललं आहे. एका चौकात त्याचे दोन भाग झाले, दोघे वेगवेगळ्या गल्ल्यांतून गेले आणि पुढच्या चौकात पुन्हा भेटले. दोन्ही गल्ल्या अगदी सारख्या लांबीच्या असतील तरच भेटताना त्यांचा ताल जुळेल. एक गल्ली थोडी जरी लांब असली तरी सगळा गोंधळ. आता एक गल्ली आपल्या ताब्यात आहे, तिची लांबी आपण कमीजास्त करू शकतो. मग ताल कधी जुळतो ते पाहून दुसऱ्या गल्लीची लांबी अचूक सांगता येते. ओसीटीत आपल्या ताब्यातली गल्ली म्हणजे यंत्रातला आरसा आणि दुसरी गल्ली म्हणजे रुग्णाचा डोळा. ताल बदलत राहणारं पथक म्हणजे खास निवडलेला, डोळ्याला जवळपास न दिसणारा अवरक्त प्रकाश. घड्याळाची गरजच उरली नाही.

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जेम्स फुजिमोटो यांच्या प्रयोगशाळेत डेव्हिड ह्वांग नावाचा विद्यार्थी वैद्यकी आणि अभियांत्रिकी दोन्ही शिकत होता. एरिक स्वान्सन हे तिथल्याच लिंकन प्रयोगशाळेतले अभियंते, त्यांचं काम उपग्रहांमधल्या प्रकाशीय संदेशवहनाचं. नेत्रतज्ज्ञ म्हणून कार्मेन प्युलियाफिटो आणि जोएल शुमन त्यांच्या बरोबर होते. १९९१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांचा निबंध आला आणि 'ओसीटी' हे नाव रूढ झालं. दोनच वर्षांत जिवंत माणसाच्या पडद्याचे छेद दिसू लागले आणि १९९६ मध्ये यंत्र बाजारात आलं. गंमत म्हणजे सुरुवातीची काही वर्षं ते फारसं खपलंच नाही. चित्र छान आहे, पण त्याचं करायचं काय, असा डॉक्टरांचा प्रश्न होता. त्या प्रश्नाचं उत्तर पुढे आलेल्या औषधांनी दिलं. फुजिमोटो, ह्वांग आणि स्वान्सन यांना २०२३ चा लास्कर पुरस्कार मिळाला.

सुरुवातीची यंत्रं आरसा मागे-पुढे सरकवत सेकंदाला शेकड्यांनी रेघा घेत. आजची यंत्रं आरसा हलवतच नाहीत. परतलेल्या प्रकाशाचे रंग सुटे करून गणितानं खोली काढतात आणि सेकंदाला हजारो, काही तर लाखभर रेघा घेतात. त्यामुळे डोळा जरासा हलला तरी चित्र फाटत नाही, आणि पाच-सात मायक्रॉनइतका बारीक फरकही दिसतो. किरणोत्सर्ग नाही, म्हणून ही तपासणी कितीही वेळा करता येते. गरोदर बाई असो की पाच वर्षांचं मूल, अडचण नाही. मूल तेवढं स्थिर बसलं पाहिजे, हीच काय ती अट.

आता रंगांबद्दल. कागदावर लाल-पिवळे-हिरवे थर दिसतात ते डोळ्याचे खरे रंग नव्हेत. जिथून प्रकाश जास्त परतला तिथे यंत्र भडक रंग भरतं, जिथून कमी परतला तिथे गडद. पाण्यातून काहीच परतत नाही, म्हणून ते काळं. बरेच रुग्ण काळे फुगे पाहून 'आतून सडलंय का?' असं विचारतात. नाही, ते पाणी आहे आणि ते उतरवता येतं.

दुसऱ्या प्रकारचे रंग मात्र जास्त गोंधळ घालतात, आणि त्यांच्याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे.

काचबिंदूत डोळ्यातून मेंदूकडे जाणारे मज्जातंतू हळूहळू मरतात. दुखत नाही, लाली येत नाही. कडेची नजर जाते आणि मधली शेवटपर्यंत शाबूत राहते, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. दक्षिण भारतात गावोगावी झालेल्या सर्वेक्षणांत काचबिंदू सापडलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना आपल्याला तो आहे हे ठाऊकच नव्हतं. नजरेच्या कक्षेची तपासणी, म्हणजे अंधाऱ्या खोलीत ठिपका दिसला की बटण दाबायची ती परीक्षा, तिच्यात दोष उमटेपर्यंत पाव ते एक तृतीयांश पेशी गेलेल्या असू शकतात. ओसीटी तंतूंच्या थराची जाडी थेट मोजते, म्हणून ती इथे मोलाची.

यंत्र ही जाडी आपल्या साठ्यातल्या निरोगी माणसांच्या जाडीशी ताडून पाहतं आणि रंग देतं. हिरवा म्हणजे नेहमीच्या मर्यादेत, पिवळा म्हणजे काठावर, लाल म्हणजे शंभरातल्या एखाद्याच निरोगी माणसात सापडेल इतका पातळ. पण त्या साठ्यात कोण आहेत? काही शे निरोगी प्रौढ, आणि त्यांत फार मोठ्या नंबरचे डोळे सहसा घेतलेले नसतात.

दोन वर्षांपूर्वी पुण्यात नोकरी करणारी एक सव्वीस वर्षांची मुलगी सुट्टीत घरी आली असताना आईबरोबर माझ्याकडे आली. चष्म्याचा नंबर उणे आठ. चष्मा काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी चौकशी करायला ती एका ठिकाणी गेली होती. तिथे इतर तपासण्यांबरोबर ओसीटी झाली आणि कागदावर लाल रंग आला. 'काचबिंदू आहे, थेंब आयुष्यभर घालावे लागतील' असं सांगितलं गेलं. तीन महिने ती रोज रात्री थेंब घालत होती. लग्न ठरत होतं. आईनं मला बाजूला घेऊन विचारलं, "मुलाकडच्यांना सांगायला पाहिजे का हो?"

मोठ्या नंबरचा डोळा लांबट असतो. त्यात शीर तिरकी बसते आणि तंतूंचे जुडगे नेहमीच्या जागेवरून सरकून मध्याकडे येतात. यंत्र ठरलेल्या जागी जाडी शोधतं, तिथे ती सापडत नाही, आणि लाल रंग लागतो. तंतू गेलेले नसतात, शेजारी असतात. आमच्या शास्त्रात याला 'लाल रोग' असं थट्टेचं नाव आहे. असा रोग डोळ्यात नसतो, कागदावर असतो. मुलीच्या डोळ्याचा दाब, कोन, नजरेची कक्षा सगळं पाहिलं. कुठेच दोष नव्हता. थेंब थांबवले आणि दर सहा महिन्यांनी त्याच यंत्रावर मोजायचं ठरवलं. दोन वर्षांत आकडा जागचा हललेला नाही. निदान तिथल्या तिथे बदलायची माझीही हिंमत नव्हती. काळ मधे जावा लागतो. आधीच्या डॉक्टरांना सरसकट दोष द्यावा असंही मला वाटत नाही. लाल रंग समोर दिसत असताना 'काही नाही' म्हणणं सोपं नसतं. पण एका कागदावर आयुष्यभराचं औषध सुरू करू नये, हेही खरं.

उलटा प्रकारही होतो. एका निवृत्त तलाठ्यांची जाडी चार वर्षांत १०८ वरून ९२ मायक्रॉनवर आली. दोन्ही वेळा कागद हिरवागार. पहिल्यापासून जाड थर असलेला माणूस बरंच गमावूनही हिरव्यात राहू शकतो. वयानुसार होणारी घट वर्षाला मायक्रॉनभरही नसते, आणि यंत्राची मोजण्यातली चूक चार-पाच मायक्रॉनची. सोळाची घट या दोन्हींत बसत नाही. त्यांच्याकडे जुना कागद होता, म्हणून हे सापडलं. बायकोनं सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर जपून ठेवला होता.

कागदाच्या कोपऱ्यात 'सिग्नल'चा एक आकडा असतो. काही यंत्रांत तो दहापैकी असतो आणि सहाच्या खाली असेल तर तपासणी पुन्हा करायला हवी. डोळा कोरडा असेल, मोतीबिंदू असेल, रुग्ण हलला असेल तर सिग्नल पडतो, आणि पडलेल्या सिग्नलवर थर खोटेच पातळ दिसतात. हा आकडा डॉक्टरांना विचारायला संकोच वाटू देऊ नका.

शिवाय वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. पडद्याची खालची सीमा कुठे धरायची, यावर यंत्रायंत्रांत एकमत नाही. जुन्या आणि नव्या यंत्रांत मधल्या जाडीचा फरक साठ-सत्तर मायक्रॉनचाही निघू शकतो, तोही त्याच दिवशी, त्याच डोळ्यात. त्यामुळे गाव बदललं, डॉक्टर बदलले की सूज अचानक 'वाढल्याचं' दिसतं आणि माणूस घाबरतो.

ओसीटीला न दिसणाऱ्या गोष्टी आणखी आहेत. ती पडद्याचा मधला भाग पाहते. पडद्याला भोक पडून तो सुटायला सुरुवात होते ती बहुधा कडेला, आणि तिथे नेहमीची ओसीटी पोचत नाही. म्हणून डोळ्यासमोर अचानक विजा चमकल्यासारखं होणं, काळ्या माशांचा थवा दिसणं किंवा एका बाजूनं पडदा ओढल्यासारखं वाटणं, यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी डोळे तपासून घ्या. थेंब घालून डॉक्टरनं स्वतः कडेपर्यंत पाहिलंच पाहिजे. 'महिन्यापूर्वीच ओसीटी नॉर्मल आली होती' या भरवशावर थांबू नका. एका नजरेत पडद्याचा मोठा भाग टिपणारे कॅमेरे आता मिळतात. स्कॉटलंडमध्ये डग्लस अँडरसन यांच्या लहानग्या मुलाचा पडदा सुटल्याचं उशिरा कळलं आणि त्या डोळ्याची नजर गेली. त्या दुःखातून त्यांनी मुलांनाही सोसेल असा कॅमेरा बनवायला घेतला. तरीही अगदी कडेची जागा डॉक्टरच्या डोळ्यानंच पाहावी लागते.

मोतीबिंदू पूर्ण पिकला असेल किंवा डोळ्यात रक्त उतरलं असेल तर प्रकाशच आत जात नाही. मग आपली सोनोग्राफी कामाला येते. मिटल्या पापणीवर जेली लावून दोन मिनिटांत कळतं की मागे पडदा जागेवर आहे की सुटलाय. चित्र धूसर, पण वेळेला फार उपयोगी.

रक्तवाहिन्यांचं काय? १९६१ मध्ये अमेरिकेतल्या इंडियानात नोव्होटनी आणि अॅल्व्हिस या दोन तरुणांनी हाताच्या शिरेत फ्लुरेसीन नावाचा रंग टोचून पडद्यातल्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढले. पहिला प्रयोग त्यांनी आपल्यापैकीच एकावर केला. त्यांचा निबंध नेत्रविज्ञानाच्या नियतकालिकानं नाकारला आणि तो अखेर 'सर्क्युलेशन' या रक्ताभिसरणाच्या नियतकालिकात छापून आला. नाकारलेली ती तपासणी पुढची पन्नास वर्षं आमचा आधार होती. पण तिच्यात सुई आहे, काहींना मळमळतं, लघवी दिवसभर केशरी होते आणि क्वचित गंभीर अॅलर्जी होते. आता ओसीटी-अँजिओग्राफी आली आहे. एकाच जागेचे लागोपाठ छेद घ्यायचे, आणि दोन छेदांत जे बदललं ते वाहतं रक्त, बाकी सगळं स्थिर. सुई नाही, रंग नाही. मात्र रक्तवाहिनी 'गळते' आहे का, हे तिला दाखवता येत नाही. त्यामुळे जुनी तपासणी अजून निवृत्त झालेली नाही, आणि डॉक्टरांनी ती सांगितली तर ते मागासलेले आहेत असं समजू नका.

संधिवाताच्या रुग्णांसाठी एक सूचना इथेच देतो, कारण ती नेहमी राहून जाते. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी आपल्याकडे संधिवातासाठी आणि कधी कधी मधुमेहासाठीही दिली जाते. औषध चांगलं आहे, पण वर्षानुवर्षं घेतल्यावर काही जणांच्या पडद्याला इजा करतं. ही इजा औषध थांबवल्यावरही भरून येत नाही. ओसीटीत ती नजरेवर परिणाम होण्याआधी दिसू शकते. सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी पडदा तपासावा, रोजचा डोस वजनाच्या किलोमागे पाच मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, अशी शिफारस आहे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आणखी लवकर. हे वाचून गोळी परस्पर बंद करू नका, तुमच्या डॉक्टरांशी बोला.

तालुक्याच्या गावी ओसीटी कुठून आणायची, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. खासगी ठिकाणी एका तपासणीला हजार-दोन हजार रुपये पडतात, आणि शेतमजुराला तेवढ्यासाठी दिवसाची रोजीही बुडवावी लागते. माझं मत असं की पहिल्या चाळणीला ओसीटी लागतच नाही. भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, असा आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यांतल्या प्रत्येकाला वर्षातून एकदा हवा असतो तो पडद्याचा साधा फोटो. मोबाइलला जोडायचे कॅमेरे आहेत, इंटरनेटशिवाय त्या फोटोतला दोष ओळखणाऱ्या संगणक-प्रणाली आहेत, आणि मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत अशा प्रणालीची चाचणी होऊन २०१९ मध्ये तिचे निष्कर्षही प्रसिद्ध झाले. साखर तपासायला माणूस जिथे जातो तिथेच फोटो निघाला, तर मोजक्यांनाच पुढे पाठवावं लागेल. टाइप-२ मधुमेहाचं निदान झालं त्याच महिन्यात पहिला फोटो हवा, कारण रोग सुरू कधी झाला हे कुणालाच माहीत नसतं. मामांची नऊ वर्षं अशीच गेली होती.

मामांना त्या दिवशी चित्र दाखवलं. टेकडी, फुगे, डाव्या डोळ्यातला खळगा. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे धरण फुटलंय होय." फुटलं नव्हतं, पाझरत होतं. इंजेक्शन डोळ्यात द्यावं लागेल म्हटल्यावर चेहरा उतरला. बधिर करणारे थेंब घालतात, टोचल्याचं फारसं कळत नाही, हे सांगूनही उतरलेलाच राहिला. इंजेक्शनपेक्षा जास्त घालमेल दुसऱ्या गोष्टीची होती. टेम्पोचे सव्वीस हप्ते बाकी होते. सूज उतरेपर्यंत अंधारात गाडी चालवायची नाही, असं मी बजावलं, आणि हे वाक्य मलाही सोपं गेलं नाही. अखेर पुतण्यानं पहाटेची फेरी घ्यायची आणि मामांनी शेजारी बसून कॅन मोजायचे, असं ठरलं.

महिन्याच्या अंतरानं तीन इंजेक्शनं झाली. साखरेच्या गोळ्या फिजिशियननं बदलल्या. ४१२ चे ३५५ झाले, मग २९८. नजर ६/९ वर आली. प्रत्येक वेळी मामा प्लास्टिकच्या पिशवीतून आधीचे सगळे कागद काढतात, टेबलावर ओळीनं मांडतात आणि मला आकडे वाचायला लावतात. परवा मी चौथी तारीख दिली तर त्यांनी मान हलवली. त्या दिवशी बेंदूर होता. बैल विकून टेम्पो घेतला त्याला अठरा वर्षं झाली, पण भावाकडे अजून जोडी आहे आणि पूजा मामांच्याच हातची असते. तारीख एक दिवस पुढे ढकलली.